तीन महिने मंत्रालयाला, दोन आठवडे प्रवाशाला: लांब पल्ल्याच्या विमानफेऱ्यांबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
आणि देशांतर्गत विमान कंपन्यांचे वेळापत्रक व महसूल विभाग

स. न. वि. वि.

मुंबई, पुणे आणि गोव्याहून गुवाहाटी, बागडोगरा, इंफाळ, श्रीनगर आणि श्रीविजयपुरम म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर इथे जाणाऱ्यांची तिकिटे काढणे, गट बांधणे, परवाने मिळवणे आणि फेरी रद्द झाली की माणसांना दुसऱ्या वाटेने पोहोचवणे हे आमचे रोजचे काम. मागणी उतरली की या लांब मार्गांवरच्या फेऱ्या कशा कापल्या जातात, हे आम्ही हंगामामागून हंगाम पाहत आलो आहोत. त्याबद्दल तिकीट खिडकीशी भांडून काही होत नाही, कारण खिडकीवरच्या माणसाच्या हातात काही नसते. ज्यांच्या हातात आहे त्यांना हे पत्र लिहीत आहोत. ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्यांनीही ते वाचावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहोत.

मागणी कमी झाली की फेऱ्या कमी होणार, हे आम्हाला मान्य आहे. जुलै ते सप्टेंबर ही विमान धंद्याची पडती तिमाही. आसाम-मेघालयात पावसाची झोड असते, अंदमानात समुद्र खवळलेला असतो, शाळा सुरू झालेल्या असतात. विमाने मोठ्या तपासणीला पाठवायची तर याच महिन्यांत, आणि तेच योग्य. रिकामी विमाने उडवा असे आम्ही म्हणणार नाही. कपात कोणत्या फेरीची, कोणत्या वारांना, किती आधी सांगून आणि कोणता पर्याय देऊन होते, यावर आमचे म्हणणे आहे.

आधी कंपन्यांचे गणित मांडतो, म्हणजे आम्ही ते न समजता बोलतो असे कुणाला वाटणार नाही. मुंबई–गुवाहाटी हवाई अंतर २,०७० किलोमीटरच्या आसपास. जाताना सुमारे तीन तास, येताना समोरून पश्चिमेचा वारा असल्याने वीस-पंचवीस मिनिटे जास्त. दोन्हीकडचा टर्नअराउंड, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ, धरला तर एक जाऊन-येऊन फेरी विमानाचे जवळजवळ आठ तास खाते. त्याच आठ तासांत तेच विमान मुंबई–गोवा दोनदा जाऊन येते. १८६ आसनांचे एअरबस ए३२० निओ धरले तर गुवाहाटीला जाऊन-येऊन ३७२ आसने विकायला मिळतात, गोव्याला ७४४. इंधन गुवाहाटीच्या फेरीला साधारण १३ ते १५ टन लागते, गोव्याच्या दोन फेऱ्यांना मिळून ८ ते १० टन. एक किलोलिटर विमान-इंधन साधारण ८०० किलो भरते. किलोलिटरला ९० हजार रुपये धरले, तर गुवाहाटीच्या एका जाऊन-येऊन फेरीचे १४ टन इंधन पावणेसोळा लाखांच्या घरात जाते. विमान पूर्ण भरले तर दर आसनामागे एका दिशेला ४,२०० रुपये नुसते इंधन. विमान ७२ टक्केच भरले तर हाच आकडा ५,९०० रुपयांना टेकतो. वैमानिक, भाडेपट्टा, देखभाल, विमानतळाचे शुल्क सगळे त्यावर. पडत्या हंगामात तिकीट सहा-साडेसहा हजारांवर आले की ही फेरी तोट्यात जाते आणि वेळापत्रक बनवणाऱ्याची पेन्सिल आधी तिच्यावर फिरते. यात कुणाची दुष्ट बुद्धी नाही.

पण याच पेन्सिलीने पुढचे गणितही करावे. एखाद्या लांब मार्गावर रोज तीन नॉन-स्टॉप फेऱ्या आहेत असे धरू. आठवड्याला एका दिशेने २१ उड्डाणे, ३,९०६ आसने. मागणी घसरून विमाने ७२ टक्के भरू लागली, म्हणजे प्रवासी झाले २,८१२. आता कंपनी तिसरी फेरी सरसकट काढते. उरली १४ उड्डाणे आणि २,६०४ आसने. म्हणजे जी मागणी मंद म्हणून फेरी काढली, ती मंद मागणीसुद्धा उरलेल्या विमानांत मावत नाही. आठवड्याला दोनशेच्या वर माणसे बाहेर राहतात. शेवटची आसने सगळ्यात वरच्या दराच्या बकेटमध्ये, म्हणजे टप्प्यात, जातात आणि ऑगस्टच्या भर पावसात दिवाळीचे दर दिसू लागतात. मग ज्यांना जाणे टाळता येते ते टाळतात. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांवर बोट ठेवून सांगितले जाते की या मार्गाला मागणीच नाही.

तीच तिसरी फेरी फक्त मंगळवार, बुधवार आणि शनिवारी थांबवली असती तर १८ उड्डाणे उरली असती, ३,३४८ आसने, आणि विमाने ८४ टक्के भरली असती. कंपनीचे तीन दिवसांचे इंधन वाचले असते, सोमवारची आणि शुक्रवारची गर्दी मावली असती. हे अवघड नाही. वारानुसार फेऱ्या ठेवणे कंपन्या परदेशी मार्गांवर नेहमी करतात. देशांतर्गत लांब मार्गांवर मात्र सरसकट कापणे सोपे पडते, कारण विमान आणि वैमानिकांचे रोटेशन, म्हणजे फेऱ्यांची पाळी, सातही दिवस एकसारखे राहिले की जुळवाजुळवीची मेहनत वाचते. ही मेहनत कंपनीने करावी. ती वाचवल्याचा भुर्दंड प्रवाशावर पडतो.

आता कळवण्याबद्दल. हा या पत्राचा गाभा आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने ईशान्य भारत, बेटे आणि लडाख इथल्या सेवा मागे घ्यायच्या किंवा बदलायच्या असतील, तर मंत्रालयाला किमान तीन महिने आधी कळवावे असे ठरवले. म्हणजे या भागांतली फेरी जाणे ही किरकोळ बाब नाही, हे धोरण लिहिणाऱ्यांना तेव्हाच पटले होते. पण प्रवाशाला किती आधी कळवायचे? त्याचे उत्तर महासंचालनालयाच्या प्रवासी-सुविधांच्या नियमांत आहे: दोन आठवडे. उड्डाणाच्या दोन आठवडे आधी कळवले, पर्यायी उड्डाण किंवा परतावा देऊ केला, की कंपनीची जबाबदारी संपली. दोन तासांहून लांब उड्डाणासाठी भरपाईची कमाल रक्कम १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतले जे कमी असेल ते. आणि तीसुद्धा वेळेत न कळवले तरच. पंधरा दिवस आधी मेल पाठवला की भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

दोन आठवड्यांच्या आत, पण २४ तासांहून आधी कळवले तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत निघणारे दुसरे उड्डाण द्यावे किंवा पैसे परत करावेत, असेही नियम म्हणतो. मुंबई–दिल्लीला हे जमते, तिथे दिवसभर विमानांची रांग असते. दिवसाला दोनच नॉन-स्टॉप असलेल्या मार्गावर दोन तासांच्या आत दुसरे उड्डाण आणायचे कुठून? मग उरतो परतावा. प्रवाशाने चार महिने आधी ५,५०० ला काढलेल्या तिकिटाचे ५,५०० परत मिळतात आणि त्या दिवशी उरलेले आसन १४,००० ला असते. नियम पाळला गेला, माणूस घरी राहिला. हा नियम जवळच्या मार्गांकडे पाहून लिहिला आहे आणि लांबच्या मार्गांवर तो कागदावर राहतो.

खाण्यापिण्याच्या नियमातही हेच. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की विमानतळावर खाणे द्यावे लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास झाल्यावर. ज्याचा प्रवास लांबचा, त्याने उपाशी जास्त थांबायचे.

तिसरी गोष्ट, वेळ. कापताना कोणती फेरी जाते याकडे कुणी पाहत नाही, आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांचे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. देशभर घड्याळ एकच असले तरी सूर्य तसा नाही. डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, श्रीविजयपुरमला पाचच्या सुमारास. सकाळी सहा-सातला मुंबईहून निघालेले विमान गुवाहाटीला दहाच्या आसपास उतरते. माणूस दुपारी शिलाँगला किंवा उजेडाच्या शेवटच्या तासात काझीरंग्याला पोहोचतो. ही सकाळची फेरी गेली आणि दुपारी एकची उरली, तर विमान चारला उतरते, सामान मिळेपर्यंत बाहेर अंधार. शिलाँगचा रस्ता शंभर किलोमीटरचा आणि घाटाचा, काझीरंगा चार-पाच तासांवर. धुक्यात रात्री कोणताही शहाणा चालक घाट चढायला तयार होत नाही. तो दिवस आणि ती रात्र गुवाहाटीत जाते. तवांगला जाणाऱ्यांना तर दिरांग किंवा बोमडिला इथे मुक्काम करूनच दुसऱ्या दिवशी से-ला हा उंच डोंगरी टप्पा ओलांडावा लागतो, त्यामुळे एका दुपारच्या विमानाने सगळा कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलला जातो.

अंदमानात हाच हिशेब बोटींचा. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जाणाऱ्या खासगी जलद बोटी सकाळपासून दुपारपर्यंत सुटतात. विमान दुपारनंतर उतरले की शेवटची बोट गेलेली असते. बोटीचे तिकीट वेगळ्या कंपनीचे, हॉटेल तिसऱ्याचे. विमान कंपनीने फक्त आपल्या तिकिटाचे पैसे परत केले तरी बाकीचे दोन गेलेले असतात.

आणि परवाने. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर या चारही राज्यांत बाहेरच्या माणसाला इनर लाइन परमिट लागते. त्यावर तारखा असतात. विमान दोन दिवस पुढे सरकले की परमिट पुन्हा काढा, हॉटेलवाल्याला पुन्हा विनवा, गाडीवाल्याला नवा दिवस मागा. वेळापत्रकात फेरी सरकवणाऱ्याला पडद्यावर एक ओळ बदललेली दिसते. इथे वीस जणांच्या गटामागे चाळीस फोन होतात.

गटांबद्दल थोडे अधिक, कारण लांब मार्गांवर मराठी पर्यटक बहुतेक गटानेच जातात. दहा किंवा अधिक माणसांचे तिकीट ग्रुप पीएनआरवर निघते. आधी ठेव, मग हप्ता, मग ठरलेल्या तारखेपर्यंत नावे. दिवाळीच्या सहलींची नोंदणी मे-जूनमध्येच होते. ऑगस्टमध्ये ती फेरी काढली तर उरलेल्या फेरीत एकदम वीस आसने मिळत नाहीत. आठ जण एका विमानात, सात जण कोलकात्यामार्गे, पाच जण दुसऱ्या दिवशी. सत्तरीतले जोडपे एका विमानात आणि त्यांना सांभाळणारी लेक दुसऱ्यात, असेही होते. हे वेळापत्रक नोंदणीच्या वेळीच पक्के कळले असते तर गटच त्या तारखेला बांधला नसता.

‘डायरेक्ट’ या शब्दाबद्दलही एकदा स्पष्ट व्हायला हवे. नॉन-स्टॉप फेरी काढून त्याच क्रमांकाचे विमान कोलकात्यात थांबवून नेले तरी कंपनीच्या भाषेत ते डायरेक्टच राहते. तीन तासांचा प्रवास साडेपाच-सहा तासांचा होतो. त्याहून वाईट म्हणजे जोड उड्डाण. एकाच पीएनआरवर असेल तर पहिले विमान उशिरा आल्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामान शेवटपर्यंत टॅग होते. दोन वेगळ्या पीएनआरवर असेल तर दोन्ही जबाबदाऱ्या प्रवाशावर: सामान घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इनला लागा, दुसरे विमान चुकले तर नवे तिकीट काढा. स्वस्त दिसते म्हणून अनेक जण वेबसाइटवर दोन तुकडे जोडून घेतात. आमचा सल्ला कायम हाच असतो: लांब मार्गावर दोन पीएनआर जोडू नका, घ्यावेच लागले तर मध्ये किमान चार तास ठेवा आणि दिवसातले शेवटचे विमान दुसरा तुकडा म्हणून कधीही घेऊ नका.

ही सगळी गैरसोय पर्यटकांची आहे असे कुणी समजू नये. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ईशान्येकडून येणाऱ्या कर्करुग्णांची ये-जा बारमाही असते. देशाच्या कर्करोग नोंदणीत अरुणाचलातल्या पापुमपारे आणि मिझोराममधल्या ऐझॉलचे प्रमाण सर्वाधिकांमध्ये आहे. गुवाहाटीत भुवनेश्वर बरुआ कर्करोग संस्था आहे, तरी अवघड शस्त्रक्रियांसाठी, दुसऱ्या मतासाठी, अर्धवट राहिलेल्या उपचारांसाठी लोक मुंबईला येतात. केमोच्या तारखा पावसाळा पाहून ठरत नाहीत. व्हीलचेअरवरच्या अशक्त माणसाला नॉन-स्टॉपने आणणे आणि कोलकात्यात चार तास बसवून आणणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते आणि गर्दीतला प्रत्येक तास त्याला धोक्याचा असतो.

स्ट्रेचरवरच्या रुग्णाचे तर पाहाच. त्यासाठी सहा किंवा अधिक आसनांच्या पाठी दुमडून वर स्ट्रेचर बसवतात. त्या सगळ्या आसनांचे भाडे, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका, डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म, कंपनीच्या वैद्यकीय विभागाची मंजुरी, आणि या सगळ्यासाठी दोन-तीन दिवसांची आगाऊ सूचना. मध्ये विमान बदलायचे असेल तर हे सगळे दुसऱ्या विमानात पुन्हा. प्रत्यक्षात स्ट्रेचरचा रुग्ण नॉन-स्टॉपनेच जाऊ शकतो. ती फेरी गेली की त्याच्यासाठी एअर अँब्युलन्स उरते, आणि तिचा खर्च लाखांत असतो.

रेल्वेने जावे, असे काही जण सुचवतात. मुंबईहून गुवाहाटीला रेल्वेने दोन रात्री जातात, आणि पावसात उत्तर बंगाल-आसामकडची वाहतूक खोळंबली तर तिसरी. अंदमानला तर चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमपर्यंत जाऊन पुढे तीन-चार दिवसांचे जहाज. सातारा, सांगली, कोल्हापूरचे जवान तेजपूर-तवांगच्या बाजूला नेमणुकीवर असतात. पंधरा दिवसांच्या रजेतले पाच दिवस गाडीत घालवा, असे त्यांना कोण सांगणार? पुण्यात शिकणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना घरच्या आजारपणाला पोहोचायचे असते. मुंबई–अहमदाबादची फेरी कापली तर माणूस रात्री गाडीत बसतो आणि सकाळी पोहोचतो. इथे मागे दुसरी वाट नाही. म्हणून दोन्ही मार्गांना कपातीचा एकच नियम लावता येत नाही.

यावर मंत्रालयाचे उत्तर आम्हाला माहीत आहे: मार्ग वाटपाचे नियम आहेत. आहेत, १९९४ पासून. दिल्ली–मुंबईसारख्या पहिल्या वर्गाच्या मार्गांवर कंपनी जेवढी क्षमता लावते, तिच्या किमान १० टक्के क्षमता ईशान्य, जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या दुसऱ्या वर्गाच्या मार्गांवर लावावी लागते. नियम चांगला आहे. पण क्षमता मोजली जाते आसन-किलोमीटरमध्ये, आणि मोजली जाते देशभराची बेरीज करून. दर महिन्याच्या अहवालात कंपनीच्या नावापुढे टक्केवारी दिसते, ती १० च्या वर असली की झाले.

त्या बेरजेत मुंबई कशी नाहीशी होते ते पाहा. मुंबई–गुवाहाटीचे एक उड्डाण म्हणजे १८६ आसने गुणिले २,०७० किलोमीटर, ३.८५ लाख आसन-किलोमीटर. दिल्ली–गुवाहाटी साधारण १,४५७ किलोमीटर, म्हणजे २.७१ लाख. मुंबईची दोन उड्डाणे काढली तर ७.७ लाख गेले. दिल्लीहून तीन वाढवली की ८.१३ लाख आले. टक्केवारी किंचित वाढलीच. अहवालात कंपनीने ईशान्येची सेवा सुधारली, असे दिसते. पश्चिम भारताची थेट वाट अर्धी झाली हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

दुसरी फट आणखी खोल आहे. मंदी आली की पहिल्या वर्गाच्या मार्गांवरची क्षमताही कमी होते. मग तिचे १० टक्केही आपोआप कमी होतात. ज्या काळात या दूरच्या भागांना आधाराची गरज सगळ्यात जास्त, त्याच काळात नियमाचा आधार खाली सरकतो. ‘उडान’ योजना या पोकळीत बसत नाही, कारण ती छोट्या विमानतळांच्या प्रादेशिक मार्गांसाठी आखली आहे. महानगर ते गुवाहाटी हा मार्ग तिच्या कक्षेत येत नाही. एका बाजूने सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना एलटीसीत, म्हणजे रजा-प्रवास सवलतीत, ईशान्य, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत देते, म्हणजे मागणी स्वतः तयार करते. ती मागणी ज्या विमानात बसायची, ते विमान दुसऱ्या बाजूने निघून जाते.

मंत्रालयाला हस्तक्षेप करता येत नाही, हे म्हणणेही आता टिकत नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपनीची विमाने जमिनीवर आली आणि श्रीनगर, लेह, पोर्ट ब्लेअरचे दर कडाडले, तेव्हा मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून दरांवर लक्ष ठेवायला सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचे वेळापत्रक कोसळले आणि हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ६ डिसेंबरला अंतरानुसार भाड्याची कमाल मर्यादा लावली गेली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. काही दिवसांतच आदेश निघाला. अधिकार आहे, यंत्रणा आहे, अंतर पाहून नियम करण्याचा पायंडाही आहे.

आमच्या मागण्या अशा.

एक. १,५०० किलोमीटरहून लांब देशांतर्गत मार्गांवर, आणि दुसऱ्या वर्गाच्या सर्वच मार्गांवर, नियोजित कपात प्रवाशाला किमान ६० दिवस आधी कळवणे बंधनकारक करा. मंत्रालयाला तीन महिने आधी कळते, तर त्या सूचना महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात मार्ग, क्रमांक, वार आणि तारखेसह टाका. तांत्रिक बिघाड, हवामान, संप यांना ही अट लागू नको. ती फक्त व्यापारी कारणाने काढलेल्या फेरीला असावी. कारण कोणते, हे कंपनीने लेखी नोंदवावे. ‘ऑपरेशनल’ हा एक शब्द पुरेसा धरू नये.

दोन. सुटण्याची वेळ तीन तासांहून जास्त सरकली किंवा नॉन-स्टॉपचे एक थांब्याचे झाले, तर ते रद्द झालेले उड्डाण समजा. अमेरिकेने २०२४ मध्ये देशांतर्गत उड्डाणांसाठी परताव्याची हीच तीन तासांची रेघ ओढली आहे.

तीन. कापलेल्या मार्गावर प्रवाशाने परताव्याऐवजी प्रवास मागितला तर मूळ भाड्यातच पोहोचवा: आपल्या दुसऱ्या उड्डाणाने, एकाच पीएनआरवरच्या जोड उड्डाणाने, आणि ४८ तासांत तेही नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या उड्डाणाने. वाटेत रात्र काढावी लागली तर मुक्काम कंपनीचा. ग्रुप पीएनआर असेल तर गट एकत्र ठेवा, आणि ते जमत नसेल तर ठेवीसह पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करा.

चार. मार्ग वाटपाचे १० टक्के पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि पूर्व अशा उगम-विभागांत वेगळे मोजा. कोणत्याही विभागाची दुसऱ्या वर्गाकडची क्षमता मागच्या वर्षीच्या त्याच हंगामापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटवायची असेल तर नुसती सूचना चालू नये, परवानगी लागावी. पहिल्या वर्गाचा पाया मंदीत खाली आला तरी दुसऱ्या वर्गाची किमान क्षमता मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर धरा. शहर-जोडीनिहाय प्रवासी संख्या महासंचालनालय प्रसिद्ध करते. तिच्या शेजारी उपलब्ध आसने आणि रद्द फेऱ्या असे दोन रकाने वाढवा. मग मागणी खरोखर उतरली की आसने कापल्यामुळे प्रवासी उतरले, हे कुणालाही तपासता येईल.

पाच, आणि ही कंपन्यांना थेट विनंती आहे: पूर्वेकडच्या मार्गांवर सकाळी नऊच्या आत निघणारी नॉन-स्टॉप फेरी सगळ्यात शेवटी कापा. आधी दुपारची, मग वारांनुसार. मुंबईत स्लॉट, म्हणजे विमान उडण्या-उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, नाहीत हे कारण खरे होते, पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून व्यापारी उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथले सकाळचे स्लॉट वाटताना गुवाहाटी, बागडोगरा आणि श्रीविजयपुरमच्या अर्जांना प्राधान्य द्या, असे मंत्रालयानेही सांगावे. पुण्यात हवाई दलाची धावपट्टी असल्याने हात बांधलेले आहेत, हे आम्ही जाणतो. तिथे निदान आहे ती फेरी राखा.

सहा. कपात जाहीर झाल्यापासून ती लागू होऊन ३० दिवस होईपर्यंत, त्या मार्गावरच्या उरलेल्या आसनांना डिसेंबर २०२५ च्या धर्तीवर अंतरानुसार कमाल दर लावा. कंपनीला फेरी काढण्याची मोकळीक आहे, तर त्याच काढण्यामुळे झालेल्या टंचाईतून कमाई करण्याची मोकळीक तरी नको. आणि स्ट्रेचर किंवा वैद्यकीय फॉर्मवर आधीच मंजूर झालेल्या रुग्णाचे उड्डाण काढले, तर त्याला नॉन-स्टॉप पर्याय मिळेपर्यंत त्याचा आणि सोबत्याचा मुक्काम कंपनीने उचलावा. अशी माणसे महिन्याला मोजकीच असतील. खर्चाचे कारण इथे पुढे करू नये.

नवा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्याखाली प्रवासी-सुविधांचे नियम नव्याने लिहिताना वरची पहिली, दुसरी आणि तिसरी मागणी मसुद्यात घ्यावी. बाकीच्यांसाठी कायदा बदलायची गरज नाही, आदेश पुरेसा आहे.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि कंपन्यांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी तुमच्या टेबलावर येतात. त्या अर्जांत मुंबई, पुणे आणि गोव्याहून निघणाऱ्या १,५०० किलोमीटरपुढच्या फेऱ्यांची मागच्या हिवाळ्याशी तुलना करून ती यादी प्रसिद्ध करा, एवढे काम या हंगामापासून करता येईल. ती यादी हातात आली की आम्ही प्रत्येक प्रवाशाला तिकीट काढण्याआधी खरे काय ते सांगू शकू.

आपले,
मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि पणजी इथले तिकीट-आरक्षण व सहल-नियोजनाचे काम करणारे